लाल चिठ्ठी लावलेली सीडी

विंडोज नवी टाकून झाली होती. स्क्रीन स्वच्छ, आयकॉन जागेवर आणि मशीन ढिम्म. डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर एका ओळीपुढे पिवळा त्रिकोण. प्लांट हेड माझ्या मागेच उभे.

"कॉम्प्युटर तर चालू झाला. मग अडलंय कुठं?"

"ड्रायव्हर नाही, सर."

ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगतो. लाइनवर नवा सुपरवायझर आला आणि त्याला कामगारांची ना नावं माहीत ना कामं, तर माणसं हजर असूनही लाइन उभीच राहते. नव्या विंडोजचं तसंच होतं. आतलं कुठलं कार्ड कसं वापरायचं हे तिला सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. माउस, कीबोर्डचे तिच्याकडे असतात. आमच्या चाकणच्या कारखान्यातल्या मोजमापाच्या मशीनचं कार्ड मात्र जुनं. बनवणारी कंपनी बंद, वेबसाइटही बंद. सकाळी हार्ड डिस्क गेली, तिच्याबरोबर ड्रायव्हरही गेला. या मशीनचा रिपोर्ट लागल्याशिवाय एकही पार्ट गेटबाहेर जात नाही. दोन ट्रक भरून उभे होते.

"याची सीडी असेल ना?"

"शोधतो, सर."

खोटं बोललो. सीडी कुठे आहे ते मला ठाऊक होतं.

दोन महिन्यांपूर्वी कस्टमरचं ऑडिट होतं. ऑडिटच्या आधी आमच्याकडे रेड टॅगचा सोहळा होतो. जे रोज वापरात नाही त्याला लाल चिठ्ठी लावायची, खाली सही करायची आणि वस्तू भंगाराच्या जाळीत. शंभर टॅग दिसले पाहिजेत, असा प्लांट हेडांचा हुकूम. मी मेंटेनन्सचा इन्चार्ज. आकडा भरत नव्हता, म्हणून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेल्या सीडीलाही मी चिठ्ठी लावली. मशीन चालवणारा गायकवाड पाठोपाठ आला. चऱ्होलीचा, कंत्राटावरचा, सात वर्षं याच मशीनवर.

"साहेब, ही लागंल. टाकू नका."

"टॅग लागला की लागला. ऑडिटला इथे दिसता कामा नये."

"मग मी घरी ठिवतो. आमाला कुठं लॉकर हाय?"

"ठेव. पण तू मला विचारलं नाहीस, कळलं?"

तो हसला होता. मीही.

डिस्क गेली त्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी होती. बाहेर जाऊन मी फोन केला. काही न विचारता तो मोटरसायकल काढून आला. गेटवर सिक्युरिटीने पिशवी उघडली. सीडीवर कंपनीचं स्टिकर. कंपनीची वस्तू बाहेरून आत येतेय, म्हणजे आधी ती आतून बाहेर गेलेली. एचआरच्या मॅडमचा मला फोन आला.

"गायकवाड म्हणतो, सर, तुम्ही सांगितलं होतं."

प्लांट हेड शेजारी, कान इकडेच.

"आणायला मी सांगितलं," मी म्हणालो. "न्यायला नाही."

सीडी आत आली. गायकवाड गेटवरच राहिला.

विंडोजला सीडी दाखवली, तिने ड्रायव्हर उचलला, रीस्टार्ट मारला. त्रिकोण गेला, मशीनचा हात हलला. वीस मिनिटांचं काम. ट्रक सुटले. "शाबास," प्लांट हेड म्हणाले, आणि ती शाबासकी मी घेतली.

संध्याकाळी कंत्राटदाराला मेल गेला: या माणसाला पुन्हा पाठवू नये. कारण, चोरी. आम्हीच भंगारात काढलेल्या सीडीची चोरी.

गायकवाडने एकदाच फोन केला. "साहेब, तुमी फकस्त व्हय म्हणायचं होतं."

"बघतो," म्हणालो. बघितलं नाही.

शंभर चिठ्ठ्या मागणाऱ्या माणसाचा मला आजही संताप येतो. एका फोनवर सात वर्षं पुसणाऱ्या एचआरचाही येतो. पण त्यांना खरं माहीत नव्हतं. मला होतं. दीड वर्ष मी त्याच मशीनपुढून जा-ये करत राहिलो, आणि तो चोरीचा शेरा घेऊन गायकवाड कामासाठी चाकणमधली गेटं पालथी घालत होता.

गेल्या महिन्यात मी एचआरला लेखी दिलं. टॅगवरची सही माझी, परवानगी माझी.

"आता कशाला, सर?" मॅडम म्हणाल्या. "तो कंत्राटदारसुद्धा बदलला."

शिक्का मारलेली प्रत घेऊन मी चऱ्होलीला गेलो. गायकवाडने ती दारातच उभ्याने वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. आत या म्हणाला नाही.

जुन्या मशीनचे ड्रायव्हर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. आणि परवानगी तोंडी दिली असेल, तर विचारल्यावर तोंड उघडा.