धाकटीची पट्टी आणि सराटा

माझ्या धाकट्या बहिणीनं बनवलेली पट्टी आज कुठल्या कुठल्या देशांतल्या कॉम्प्युटरांवर सरकते, आणि मला ते बघवत नाही. हे मी कुणाला सांगत नाही. कुणी तिचा विषय काढला तर "हो, हुशार आहे ती," असं म्हणते आणि चहा ठेवायला आत जाते.

पट्टी म्हणजे प्रोग्रेस बार. काम चालू असताना डावीकडून उजवीकडे भरत जाते ती. मोबाइलवर ती सगळ्यांनी पाहिलेली असते. पण आम्हा प्रोग्रामर लोकांचं बरंचसं काम टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर चालतं. तिथे चौकट काढायची तर रेघांची चिन्हं जुळवून, आणि पट्टी भरायची तर एकापुढे एक ठोकळा ठेवत. धाकटीनं याची लायब्ररी लिहिली. पुस्तकांची नव्हे; दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये उचलून वापरावा असा तयार कोड, त्याला आमच्यात लायब्ररी म्हणतात. काळ्या पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडते, वर मथळा, खाली कामांची नावं आणि प्रत्येक कामापुढे त्याची पट्टी. बस. एवढ्याशा गोष्टीचा केवढा गवगवा!

तिला प्रोग्रामिंग मी शिकवलं. हे मी जिथे तिथे सांगते, इथेही सांगून घेते. नांदेडच्या आमच्या घरी, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, एकाच कॉम्प्युटरसमोर दोन स्टुलं टाकून. मी इंजिनिअरिंगला होते आणि ती अकरावीला. ती चुकली की मी तिच्या डोक्यात टिचकी मारायची. पुढे मी नांदेडातच एका लहानशा कंपनीत लागले आणि ती लातूरला गेली. तिची कंपनी क्लासवाल्यांसाठी सराव परीक्षांचे निकाल लावायचं सॉफ्टवेअर करते, आणि लातुरात क्लासवाल्यांना काय तोटा!

पट्टी तिथेच जन्मली. उत्तरपत्रिकांचे ढीग तपासताना काळा पडदा नुसता गप्प बसून राहायचा. समोर बसलेल्या माणसाला वाटायचं, अडकलं. तो सरळ बटण दाबून मशीन बंद करायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्याला बघायला काहीतरी हवं म्हणून धाकटीनं चौकट काढली आणि तिच्यात विषयवार पट्ट्या टाकल्या: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. तेव्हापासून तो माणूस बटणावरचा हात काढून निवांत बसायला लागला. मग मालकाला विचारून तिनं तो कोड नेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवला आणि मला फोन केला.

"ताई, जरा बघून सांग ना कसं झालंय."

मी बघितलं. चांगलं झालं होतं. फार चांगलं झालं होतं. मराठी मजकूर टर्मिनलवर नेहमी घोळ घालतो. वेलांटी, उकार, जोडाक्षर धरून एखादा शब्द किती जागा घेणार हे मशीनला नीट कळत नाही, आणि चौकटीची उजवी कड शेताच्या बांधासारखी वाकडीतिकडी होते. मी स्वतः एकदा त्यात डोकं घातलं होतं. शेवटी वैतागून सगळी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहून मोकळी झाले होते. हिची कड मात्र सरळ. 'उत्तरपत्रिका' लिहा, नाहीतर 'कर्तृत्व' लिहा, ती हलत नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बरंय," मी म्हटलं. "रंग जरा भडक हायत."

बघता बघता लोक ती वापरायला लागले. आईला यातलं ओ की ठो कळत नाही, पण धाकटीनं फोनवर सांगितलेलं सगळं तिला पाठ. ती फाटकाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या धाकटीनं पट्टी बनवली. काम कुठवर आलं ते दाखवती. जर्मनीचे लोक वापरून राहिले."

"आमच्या सुनेला लावता येईल का?" शेजारच्या काकूंनी विचारलं, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसत बसल्या.

मी ओसरीवर कोथिंबीर निवडत होते. मीही एक सॉफ्टवेअर केलंय. अर्धापूरच्या केळीच्या गाड्या कुठवर पोचल्या ते व्यापाऱ्यांना सांगणारं. रोज चालतं, कधी बंद पडत नाही. त्याच्यासाठी आमच्या फाटकाशी कधी कुणी उभं राहिलं नाही.

मग मी सराटा झाले.

अशा लायब्ररीच्या पानावर एक जागा असते, जिथे जगातला कुणीही येऊन तक्रार लिहू शकतो. माझ्या नावानं लिहिलं असतं तर पोटातलं दुखणं चारचौघांत दिसलं असतं. म्हणून मी नवं खातं उघडलं आणि नाव घेतलं सराटा. माळावर चपलेला चिकटून घरात येतो आणि नेमका अनवाण्या पायाला सापडतो, तो काटा. पहिली तक्रार लिहिली: टर्मिनलची खिडकी लहान केली की तुमची चौकट फुटते आणि पडद्यावर रेघांचा कचरा होतो, आधी नीट तपासा, मग लोकांपुढे मांडा. हे लिहून मी खुशीत जेवायला बसले. धाकटी फुगेल, निदान दोन दिवस हात लावणार नाही, असा माझा हिशेब होता.

जेवून उठते तोवर तिनं दुरुस्तीही केली होती. खाली लिहिलं होतं: धन्यवाद, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मला आणखी राग आला. मी दुसरी खोड शोधली. करायचं काम शून्य असेल, म्हणजे फोल्डर रिकामं असेल, तर तिची पट्टी शून्यानं भागायला जाते आणि सगळा प्रोग्रामच कोसळतो. तीही दुरुस्त झाली, वर पुन्हा धन्यवाद. मग मी जरा जबर काढली: पट्टी शंभर टक्के भरते तेव्हा शेवटची फाइल अजून लिहून व्हायची असते, म्हणजे तुमची पट्टी खोटं बोलते. त्यापायी तिचा अख्खा रविवार गेला. मला माहीत आहे, कारण त्या रविवारी तिनं माझा फोन उचलला नाही.

तक्रारीसोबत मी नमुना म्हणून मराठी शब्द टाकायची, त्यावरून सराटा मराठी माणूस आहे हे तिनं ओळखलं आणि त्याच्याशी मराठीत लिहायला लागली. सराटादादा म्हणायला लागली.

खोड काढायची तर आधी वाचावं लागतं. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी तिचा कोड वाचायची. अशातच तिनं चौकट रंगवण्याचा सगळा भाग नव्यानं लिहिला. आधी प्रत्येक वेळी पूर्ण चौकट पुसून पुन्हा काढली जायची, त्यानं पडदा लुकलुकायचा. आता जेवढा ठोकळा बदलला तेवढाच हलत होता. मी आठवडाभर त्यात काहीतरी सापडावं म्हणून धडपडले. खिडकी लहान केली, मोठी केली, मराठी घातली, एकदम ढीगभर पट्ट्या लावल्या. काही सापडलं नाही. शेवटी काय झालं कुणास ठाऊक, मी लिहून गेले: "इतकं स्वच्छ काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. मला असं जमलं नसतं." आणि पाठवूनही दिलं.

त्याच संध्याकाळी तिचा फोन. "ताई, तो सराटा हाय ना, त्यानं काय लिहिलंय ऐक." आणि माझंच वाक्य तिनं मला वाचून दाखवलं.

"रिकामटेकडा असंल कुणीतरी," मी म्हटलं.

"न्हाई गं. लई मोठा माणूस असणार. माझं काम असं वाचणारं मला कुणी भेटलंच न्हाई."

"मी वाचलं की."

"तू रंग भडक हायत म्हणलीस."

त्या दिवसापासून मला सराट्याचा हेवा वाटायला लागला. हसा खुशाल. पूर्वी तिचं कुठं अडलं की फोन मला यायचा. आता फोनवर ती आई कशी आहे, पाणी येतंय का, एवढंच विचारायची आणि फोन ठेवल्या ठेवल्या खरा प्रश्न सराट्याकडे जायचा. चुकीचं उत्तर देऊन त्याला तोंडघशी पाडायचं मी ठरवायची, पण हात चुकीचं लिहू देत नसत. उत्तर माझं आणि शाबासकी त्याला. एकदा दोन चौकटी एकावर एक उघडायचा काहीतरी पेच होता, तो तिच्या तोंडून ओझरता निघाला. मी तिथल्या तिथे सांगितलं, वरची चौकट बंद होईपर्यंत खालच्या पट्ट्या थांबवून ठेव. तर म्हणते, "थांब, सराटादादाला विचारते."

त्यानं तेच सांगितलं. दुसरं काय सांगणार होता तो! धाकटी मला कौतुकानं म्हणाली, "ताई, तुझं बी बरोबर निघालं बघ."

दिवाळी आली. आम्हाला भाऊ नाही. भाऊ नसलेल्या मुली भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तसं आईनं आम्हालाही लहानपणी गच्चीवर नेलं होतं. पण चांदोबा ओवाळणी घालत नाही म्हणून धाकटीनं भोकाड पसरलं. तेव्हा मी बाबांची टोपी घालून पाटावर बसले, तिनं मला ओवाळलं आणि मी तिला खोडरबर दिलं. ते आजतागायत चालू आहे. त्या दिवशी तिचा भाऊ मी असते. लातूरहून एसटीच्या गर्दीत उभी राहून ती त्यासाठी येते.

यंदाही आली. संध्याकाळी मी साडी बदलून, टोपी हातात घेऊन बाहेर आले, तर पाटावर तिचा लॅपटॉप. भोवती रांगोळी. पडद्यावर ती चौकट उघडलेली, मथळ्यात 'सराटादादा', खाली पट्टी काठोकाठ भरलेली. धाकटी निरांजन लावत होती.

"हे काय गं?" आईनं विचारलं.

"त्याचा फोटो न्हाई, पत्ता न्हाई. म्हणलं, त्यानं दुरुस्त करून घेतलेली पट्टीच ठेवावी."

"आणि मी?" मी म्हटलं.

"तुला करते की नंतर."

नंतर! माझ्या पाटावर बसून, माझ्या आधी!

"उचल ते," मी म्हटलं.

"का?"

"उचल म्हणते ना. तो सराटा मीच हाय."

ती हसली. तिला थट्टा वाटली. मग मी फुटलेल्या चौकटीपासून सगळं धडाधडा सांगत गेले, रिकामं फोल्डर, खोटं बोलणारी पट्टी, तिचा तो रविवार, आणि शेवटी माझ्या मोबाइलवर सराट्याचं खातं उघडून तिच्या नाकासमोर धरलं. तिच्या हातातलं ताट तिरकं झालं. "तेल सांडंल, खाली ठेव," आई म्हणाली.

तिनं ताट ठेवलं. आता ही भांडणार, लातूरची पहिली गाडी धरणार, असं मला वाटलं. पण तिनं वेगळंच विचारलं.

"ते स्वच्छ कामाचं, ते बी तूच लिहिलंस?"

"हाव."

"खरंच वाटलं म्हणून?"

"खरंच."

"मग मला का न्हाई सांगितलंस? आपण रोज तर फोनवर बोलून राहिलो."

मी टोपीची घडी करत राहिले. "मला तुझा हेवा वाटून राहिला होता," मी म्हटलं. "अजून वाटतो."

"ते दिसूनच राहिलं," आई म्हणाली.

धाकटीनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि ताट उचललं. "बस," म्हणाली. मी लॅपटॉप उचलायला वाकले, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. "त्याला राहू दे. तू बाजूला बस." मग मी टोपी घालून पाटाशेजारी सतरंजीवर बसले. तिनं आधी त्याला ओवाळलं, लॅपटॉपच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं आणि मग माझ्याकडे वळली.

ओवाळणी म्हणून मी आणलेली ओढणी तिनं बाजूला सारली. "हे नको. त्यानं लिहिलं ते तोंडानं म्हण."

"आईसमोर?"

"हाव. आईसमोर."

मी पडद्यावरच्या त्या भरलेल्या पट्टीकडे बघत म्हटलं, "इतकं स्वच्छ काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही." टोपी सारखी केली आणि पुढचंही म्हटलं, "मला असं जमलं नसतं."

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. माझ्या तोंडात करंजीचा तुकडा घातला आणि लॅपटॉप हळूच मिटला.

"चांगलं म्हणलीस," ती म्हणाली. "पण सराटादादानं जास्त मनापासून म्हणलं होतं."