मंजुरीच्या रांगेतलं पान

आमच्या दूध शीतकरण केंद्रासाठी विकी मी निवडली, आणि चुकीची निवडली.

विकी म्हणजे कॉम्प्युटरवरची सामायिक वही. कुठलं यंत्र कसं बंद करायचं, कुठे काय बदललं, ते कामगारांनी लिहायचं आणि सगळ्यांनी मोबाईलवर वाचायचं. दोन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. पहिल्यात लिहिलेलं लगेच दिसायचं. तिसऱ्याच दिवशी ‘अडचण आल्यास’ या पानावर कुणीतरी लिहिलं, ‘साहेबांना विचारा. किंवा साहेब ज्याला विचारतात त्याला थेट विचारा, वेळ वाचेल.’ अख्खं केंद्र हसलं. खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं.

मी दुसरं घेतलं. त्यात माझ्या मंजुरीशिवाय अक्षर हलायचं नाही. अहवालात कारण दिलं, ‘माहितीची विश्वासार्हता’.

आमचा सोनईचा म्हातारा फिटर बैठकीतच म्हणाला, “साहेब, लिव्हलं की दिसलं पायजे. व्हॉल्व्ह काय तुमच्या मंजुरीची वाट बघतो व्हय?”

“शिस्त लागते, मामा,” मी म्हणालो. फार भारदस्त आवाजात म्हणालो.

पुढे मामांनी दूध थंड करणाऱ्या अमोनिया वायूची एक लाईन बदलली. दुरुस्तीच्या वेळी आता तीन नंबरचा नाही, पाच नंबरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, असं त्यांनी त्याच दिवशी विकीवर लिहिलं आणि आठवड्याच्या रजेवर गेले. स्क्रीनच्या कोपऱ्यात मंजुरीसाठी थांबलेल्या पानांचा लाल आकडा वाढत होता. तो मला दिसत होता. पण मी पहिल्या पानाला निळा रंग बरा की हिरवा, या विचारात होतो.

चौथ्या दिवशी पाथर्डीकडच्या ऑपरेटरनं त्याच लाईनच्या जोडातलं गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी चकती, बदलायला घेतलं. पोरगा जपून काम करणारा, आधी मोबाईलवर पान वाचलं. तिथं जुनाच मजकूर. त्यानं तीन नंबर बंद केला, जोड सैल केला आणि अमोनिया थेट तोंडावर आला. आम्ही नळाखाली त्याचे डोळे धूत राहिलो. तो ओरडत नव्हता, नुसता पाय आपटत होता. मग जीपनं नगरला नेलं.

त्या संध्याकाळी मी मामांचं पान मंजूर केलं. सॉफ्टवेअरनं खाली मंजुरीची तारीख-वेळ टाकली. ती पुसायची सोय कुठे आहे का, हेही मी शोधलं. नव्हती.

पोराचा उजवा डोळा गेला. दवाखान्यात त्याच्या खाटेशेजारी बसून मी सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे, सॉफ्टवेअरमध्ये मंजुरीची पद्धत कशी असते ते समजावत बसलो.

त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, “म्हंजे मामानं लिव्हलं हुतं. फकस्त तुमी वाचलं न्हाई.”

“हो.”

“तुमचे तर दोन्ही डोळे धड हायेत की, साहेब.”