माझी नाडी कुनी धरली न्हाई

मला लाकडाच्या काट्यावर बसवलं.

सुभेदारांच्या गुऱ्हाळात दोन काटे हुते. एक गुळाचा, पितळी साखळ्यांचा, पुसूनबिसून ठेवलेला. दुसरा जळनाच्या लाकडांचा, लिंबाच्या फांदीला दोरखंडानं टांगलेला. सुभेदारीनबाई म्हनाल्या, हिचं वजन करा. गुळव्यानं आधी गुळाच्या काट्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं. म्हनाला, "ह्यावर नगं. काटा बाटंल. मंग गूळ कोन घील?"

तवा मला लाकडाच्या फळीवर बसवलं. मी सोळा वर्साची. गुडघं पोटाशी धरलं, लुगडं आवळून घेतलं. पलीकडच्या पारड्यात लोखंडी वजनं चढत गेली. चुलवानात पाचट सारनारं गडी काम टाकून बघाय लागलं. त्यातला एक म्हनाला, भाकरी मागून खात्यात आन् म्हशीवानी फुगत्यात. समदी हसली. माझा बा तिथंच हुता, टोपली घेऊन. त्यो बी हसला. त्याला हसावंच लागायचं.

पावनेदोन मण भरले मी.

बा गावचा येसकर. वेशीची राखन त्यानं करायची, निरोप त्यानं पोचवायचं, मेलेलं ढोर त्यानं वढायचं, आन् सांजच्याला टोपली घेऊन दारोदार भाकरी मागायची. आमच्या महारवाड्यात त्याला हक्काची भाकरी म्हनायचे. कसला हक्क? पायरीखाली उभं ऱ्हायाचं, जोहार घालायचा, वरनं टाकतील ती झेलायची. त्यात लढाईचं दिस. गावाची ज्वारी सरकारच्या लेव्हीत जायाची, हात आखडलेला समद्यांचा. आईचं म्हायार आटपाडीकडं, तिथं पाऊसच नसायचा, त्यांच्याकडनं कसली आशा? घरात माझ्या पाठच्या दोघी भनी. सुभेदारांच्या घरची भाकरी आली की आमची चूल निभायची. न्हाई आली की पानी पिऊन निजायचं.

तरी मी अंगानं आडदांड. आजीवर गेलेली. सुभेदारांच्या गोठ्यात शेनघान काढायची, मळ्यातनं जळन वाहायची. लोकांना वाटायचं, ही कुठंतरी चोरून खाती. माझं हाडच रुंद, त्याला मी काय करू?

सुभेदार पलटनीतनं पेन्शन घेऊन आलेले. ऊस, गुऱ्हाळ, मळ्यात नवा बंगला. लेक एकच. ताईसाब. माझ्याच वयाची, आन् बांधा बी माझ्यावानीच. खंडाळ्याकडचं एक स्थळ आलं, पोरगा पलटनीत मोठ्या हुद्द्यावर. बघून गेला आन् निरोप धाडला, पोरगी जाड हाय, बारीक झाली तर फुडं बोलू. शिमग्यानंतर परत येनार म्हनाला. बंगल्यात दोन दिस कुनी नीट जेवलं न्हाई. ताईसाब खोलीतनं भाईर आल्या न्हाईत.

मंग सांगलीहून डॉक्टर आला. औषधं न देनारा, पथ्यावर मानूस बरा करनारा. त्यानं एकवीस दिसांचं पथ्य सांगितलं. सकाळी लिंबाचं पानी, दुपारी ताकाची निवळ, सांजंला भोपळा उकडून त्याचं पानी. दाताखाली येईल असं काय बी न्हाई. एकवीस दिसांत दहा-बारा शेर उतरवून देतो म्हनाला.

बाईसाबांची ही एकुलती एक लेक. त्यांनी सरळ इचारलं, हे धोक्याचं न्हाई न्हवं? डॉक्टर म्हनाला, अजिबात न्हाई. बाईसाब म्हनाल्या, मला आधी कुनावर तरी करून दाखवा. त्यो म्हनाला, त्याच वयाची, त्याच बांध्याची कुनी पायजे. मी तवा अंगनात शेनाची पाटी घेऊन उभी हुते. दोघांनी एकदमच माझ्याकडं बघितलं.

बाला इचारलं न्हाई, सांगितलं. तुझी पोर एकवीस दिस हिथं ऱ्हाईल. तोवर तुझ्या घराला रोज ताज्या भाकरी, वर कोरड्यास. बानं घरी येऊन सांगितलं तवा आई चुलीकडं तोंड करून बसली. धाकट्या भनींनी मातूर ताजी भाकरी म्हनल्यावर एकमेकींकडं बघून दात काढलं. मला कुनी इचारलं न्हाई. इचारलं असतं तरी त्यांची तोंडं बघून मी व्हयच म्हनले असते.

गोठ्याच्या कडंला वैरनीची खोली हुती. तिथं मला ठेवलं. भाईरनं कडी. ताक आन् पानी वरनं वतायचं, माझ्या गाडग्यात.

भुकंची मला सवय हुती. पन आमची भूक येगळी. सकाळी न्हाई घावलं तर सांजंला कायतरी घावतंच, उसाचं कांडं, शेंगा, कुनाची शिळी भाकर. ही भूक ठरवून दिलेली. तिसऱ्या दिशी डोकं फुटाय लागलं. पाचव्या दिशी उठलं की डोळ्याफुडं अंधारी. शेजारी म्हशीला सरकीची पेंड घालायचे. भितीला भोक हुतं, त्यातनं वास यायचा. एक डाव हात घालून मूठभर घेतली, तोंडात घातली, आन् थुकून टाकली. चोरी म्हनतील ह्या भ्यानं. म्हशीचं खानं मला चोरी. मी लय रडले त्या दिशी.

धाव्या दिशी पडले. कवा पडले ठावं न्हाई. शुद्धीवर आले तवा गालाला वैरन चिकटलेली. छातीत धडधड व्हायची, मंग मधीच कायतरी थांबल्यावानी व्हायाचं. इंचरताना केसांचा पुंजका हातात यायचा. त्या महिन्यात पाळी आली न्हाई. हे कुनाला सांगायचं? कडी भाईरनं.

सांजंला बा यायचा. दाराला तोंड लावून इचारायचा, "बरी हायस न्हवं, पोरी?" मी म्हनायची, व्हय. मंग त्यो भाकरी घेऊन जायाचा. त्याच्या टोपलीतल्या गरम भाकरीचा वास दाराच्या फटीतनं आत यायचा आन् लय येळ हालायचा न्हाई. माझ्या उपासावर माझं घर जेवत हुतं. बा लबाड न्हवता. त्याला दुसरं काय करायचं ठावंच न्हवतं.

डॉक्टर आठवड्याला एकडाव यायचा. मला दारातनं भाईर काढायचे, त्यो धा हात लांब उभा. पैल्या डावाला मी मनगट फुडं केलं. डॉक्टर म्हंजे नाडी बघनारच, असं मला वाटलं. त्यो दोन पावलं मागं सरकला. म्हनाला, जीभ दाखव. दाखवली. डोळं वर कर. केलं. चालून दाखव. चालले, भितीला धरत धरत. त्यो म्हनाला, "उत्तम. काहीसुद्धा धोका नाही." मला शिवला असता तर आंघोळ करावी लागली असती, आन् त्याला सांगलीची गाडी गाठायची हुती.

तिन्ही डाव असंच झालं. धा हातांवरनं बघून उत्तम म्हनाला.

एकविसाव्या दिशी परत लाकडाचा काटा. बारा शेर उतरले हुते. बाईसाबांचा जीव भांड्यात पडला. ताईसाब बी आल्या हुत्या, पैल्यांदाच गुऱ्हाळाकडं. माझ्याकडं टक लावून बघत हुत्या. हळूच इचारलं त्यांनी, "लय तरास झाला का गं तुला?"

खरं इचारत हुत्या त्या. त्यांना भ्याव वाटत हुतं. एवढ्या दिसांत त्या बंगल्यातलं मला तसं इचारनारं पैलं मानूस. मी तोंड उघडलं, आन् मला बा दिसला. टोपली छातीशी धरून उभा. माझ्याकडं न बघता भुईकडं बघत हुता.

म्हनाले, "काय न्हाई झालं, ताईसाब."

घरी आले. आईनं भाकरी कालवून दिली, ती वकून टाकली. मंग पाय सुजलं. तोंड सुजलं. गावातली म्हनाय लागली, बघा, परत आली अंगावर. दोन महिन्यांत खरंच समदं अंग माघारी आलं, वर थोडं जास्तच. ताकद मातूर आली न्हाई. जळनाची मोळी डोक्यावर घेतली की चार पावलांवर ती खाली टाकावी लागायची. बारा शेर गेलं कशासाठी आन् आलं कशासाठी, ह्याचा इचार त्या बंगल्यात कुनी केला न्हाई. त्यांना काट्यावरचा एक दिस पायजे हुता, त्यो मिळाला.

हिकडं ताईसाबांचं पथ्य सुरू झालं. त्यांना गुळाच्या काट्यावर बसवलं, खाली सतरंजी घालून. डॉक्टर चार-चार दिसांनी यायचा. खुर्ची जवळ वढून बसायचा, मनगट हातात घ्यायचा, बोटं ठेवून डोळं मिटायचा. मी गोठ्यातनं बघायची.

नवव्या दिशी डॉक्टरनं असंच मनगट धरलं, आन् त्याचं तोंड उतरलं. बोटं काढली, परत ठेवली. मंग वरडला, दूध आना, मोसंबं आना, गाडी जोडा. ताईसाबांना उचलून आत नेलं. त्या जगल्या. पन सा महिनं अंथरुनातनं उठल्या न्हाईत, आन् खंडाळ्याचा निरोप काय परत आला न्हाई. नाडी धरली म्हनून त्या सापडल्या. माझी बी धरली असती तर धाव्या दिशीच समदं कळलं असतं, आन् त्यांच्यावर ती येळच आली न्हसती.

पंधरा दिसांनी मला आन् बाला बोलवनं आलं. बंगल्याफुडं उभं केलं. ओट्यावर सुभेदार, बाईसाब, डॉक्टर. बाईसाब रडून रडून बसलेल्या. म्हनाल्या, हिला काय झालं न्हाई, मंग माझ्याच लेकीला कसं झालं? ही चोरून खात असनार. पेंड खाल्ली असंल, वैरनीतल्या शेंगा खाल्ल्या असतील. डॉक्टरनं ते लगेच उचललं. त्याचं नाव राखायला त्याला कायतरी पायजेच हुतं. म्हनाला, अगदी शक्य आहे. हिनं पथ्य मोडलं, म्हणून आपल्याला चुकीचं कळलं. पुन्हा एकदा करून बघू. या वेळी कुलूप लावा आणि राखण ठेवा.

सुभेदारांनी बाच्या तोंडाकडं बघितलं. बा हात जोडून म्हनाला, "व्हय जी."

एवढंच. व्हय जी. बाचा राग आला, मंग त्याच्या जोडलेल्या हातांचा आला, मंग माझ्या खोट्याचा. मी खोटं बोलले हुते म्हनून ताईसाब पडल्या, आन् आता माझं खोटं बी त्यांनी माझ्याच गळ्यात बांधलं. मी फुडं झाले. ओट्याच्या पैल्या पायरीवर पाय ठेवला. आमचं मानूस तिथं कवा चढलं न्हवतं.

म्हनाले, "म्या पेंड खाल्ली न्हाई. मला समदं झालं. मी पडले, केस गेलं, पाळी ऱ्हायली, छाती बंद पडाय लागली. मी खोटं बोलले, कारन बाच्या टोपलीत तुमची भाकरी हुती. आता परत तुमच्या खोलीत मी जानार न्हाई."

आन् डॉक्टरफुडं हात धरला. "आज नाडी धरा. मंग बोला."

डॉक्टरनं दोन्ही हात पाठीमागं घेतलं. सुभेदार म्हनाले, हात खाली घे. म्या घेतला न्हाई. तसाच ठेवला. गडी बघत हुतं, गुळव्या बघत हुता. बा मागनं म्हनत हुता, पोरी, पाया पडतो, चल. कुनी हसलं न्हाई. कुनी हात बी धरला न्हाई. मंग माझा हात म्याच खाली घेतला, माझ्या मनानं, आन् पाठ फिरवून चालू लागले.

त्या दिसापासनं सुभेदारांची भाकरी बंद. मंग त्यांच्या भावकीची बंद. मंग गावाची. बानं घरी येऊन मला टोपलीनं मारलं, टोपली मोडंस्तवर, आन् मोडलेली टोपली मांडीवर घेऊन बसला. आमी घोळ आन् तांदुळजा उकडून खाल्ला. मलकापूरच्या सडकंवर खडी फोडली, आई आन् मी. माझा घाव दगडावर नीट बसायचा न्हाई, मुकादम शिव्या द्यायचा. धाकटी भन त्या साली तापानं गेली. कुनी म्हनलं, भुकंनं गेली. कुनी म्हनलं, थोरलीच्या तोंडानं गेली. मी वाद घातला न्हाई. कशाच्या जोरावर घालनार?

ताईसाबांचं मातूर माझ्या मनाला खातं. त्यांनी मला खरं इचारलं, म्या खोटं सांगितलं. त्ये माझ्या माथी हाय, मरंस्तवर ऱ्हाईल.

पन एक सांगते. माझ्या अंगावर आधी करून बघायचं आन् मंग आपल्या लेकीला द्यायचं, हे ह्याच्याफुडं चालनार न्हाई. बारीक व्हायचं असंल तर व्हा, मरायचं असंल तर मरा, माझं अंग त्याच्या कामाला मिळनार न्हाई. मला काय झालं त्ये मी सांगनार, टोपली भरलेली असू दे न्हाईतर रिकामी. आन् धा हातांवरनं जो मला उत्तम म्हनंल, त्याच्याफुडं मी परत हात धरनार. नाडी धरंस्तवर त्याचं एक बी अक्षर मी ऐकनार न्हाई.