आबांच्या दुर्बिणीचं टोपण

भुताखेतांचं मला काडीचं कौतुक नाही. लोक इथं टाकतात ते अनुभव मी वाचते आणि ‘ह्यांना काही कामधंदे नाहीत काय?’ असं म्हणून पुढं सरकवते. त्यामुळं हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण लिहितेच.

माझे वडील, आबा. शिवाजी पेठेत सायकलचं दुकान होतं त्यांचं, आणि पक्ष्यांचं वेड. काचबिंदूनं डावा डोळा पार गेला – उजेडसुद्धा कळत नाही. उजवाही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. झालं! आबांनी धोशा लावला, नजर आहे तोवर कर्णा बघायचाच. कर्णा म्हणजे दाट सावलीत बसणारा, लाल पोटाचा पक्षी. जन्मभर ह्यांना हुलकावणी देत आलेला.

म्हणून चंदगडच्या पलीकडं, डोंगरात, एका कॉफीच्या बागेतल्या लॉजवर आम्ही दोघं गेलो. मोबाईलला रेंज नाही, गरम पाण्याची बोंब, पायाला जळवा... आणि पक्ष्याचा पत्ता नाही. मी रोज चिडायची, आबा रोज ‘उद्या दिसतोय बघ’ म्हणायचे.

निघायच्या दिवशी, नीट उजाडायच्या आत कॉफीच्या झाडांत जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं आबांनी दुर्बीण लावली आणि एकदम माझा दंड धरला.

“पाठ करून बसलाय. थांब... वळला. काय लाल हाय गं! चोचीत हिरवी अळी हाय.”

मला काही दिसेना. कॅमेरा फिरवून फिरवून शेवटी सापडला – तसाच, अळीसकट. फोटो आहे माझ्याकडं. तो उडाल्यावर आबांनी डोळे पुसले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

मग पिशवीत ठेवायला मी त्यांच्या गळ्यातली दुर्बीण काढली. आबा कायम उजव्या काचेवरचंच टोपण काढतात. डाव्या काचेचा त्यांना उपयोग काय? पण त्या दिवशी अंधारात नेमकं उलटं झालेलं. उजवीवर टोपण घट्ट बसलेलं, आणि उघडी होती ती डावी. दुर्बीण उलटी धरून डावी काच उजव्या डोळ्याला लावली असेल म्हणाल, तर मी शेजारीच होते की!

कोल्हापूरला आल्या आल्या डॉक्टरांकडं नेलं. डावा डोळा होता तसाच, निकामी. टोपणाचं सांगितलं, तर डॉक्टर मलाच ‘झोप नीट लागते ना?’ म्हणाले. डोकं असं फिरलं माझं!

उलगडा आजतागायत झालेला नाही. आता उजवा डोळाही गेला. आबा भिंतीला धरून चालतात. परवा चहा देताना वैतागून विचारलंच, नक्की कुठल्या डोळ्यानं दिसला तो?

“मला काय ठावं?” आबा म्हणाले. “आता समदा अंधार हाय खरा... पण डाव्या अंगाला त्यो बसलाय की अजून. त्यामुळं भ्या न्हाय वाटत.”

मी डावीकडं बघितलं. भिंत आणि कपाट. तरी त्यांच्याजवळून उठवेना मला. चहा गार होईपर्यंत तिथंच बसून राहिले.