वाढत्या अंगाची पेटी

गेल्या डिसेंबरात माझ्या बॅगेत एक कागद तीन आठवडे तसाच पडून होता. नव्या कराराचा कागद. त्यावर सही केली तर नोकरी आणि एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, दोन्ही आणखी दोन वर्षं वाढणार होते. नाही केली तर जूनमध्ये सगळं संपणार आणि आम्ही तिघं पुण्याला परतणार. बायकोला मी जूनचा शब्द दिला होता. तिकडे ती लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट होती. इकडे परदेशात अकरा वर्षं माझ्या पासला जोडलेल्या, नोकरी न करता येणाऱ्या पासवर, बुकित पंजांग भागातल्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर, समोरच्या ब्लॉकचे वाळत घातलेले कपडे बघत होती. मी शब्द दिला त्याच दिवशी तिने जुन्या मैत्रिणीला फोन करून लॅबमधली जागा धरून ठेवायला सांगितली. कागदाबद्दल मात्र मी तिला काही बोललो नव्हतो. पुण्यात या वयात मला कोण दारात उभं करणार, ही भीती होती, आणि भीती बायकोला सांगायची मला सवय नाही.

माझं काम तुआसला, दुसऱ्या टोकाच्या कारखान्यांच्या भागात. विमानाने प्राणी पाठवायच्या पेट्या आमची कंपनी बनवते आणि त्या पेट्यांची ड्रॉइंग मी करतो. वाघ, माकडं, अजगर, सगळ्यांची मापं माझ्या कपाटात आहेत. सकाळी एलआरटीची छोटी गाडी, मग एमआरटीची मोठी, मग कंपनीची बस, आणि एवढा प्रवास करून खिडकी नसलेल्या खोलीत बसायचं. कुणी विचारलं तर मी सांगतो, मी पिंजरे काढतो. लोक हसतात. मला तेव्हाही हसू यायचं नाही.

त्या महिन्यात पुलापलीकडच्या, शेजारच्या देशातल्या एका खासगी फार्मकडून पेटीची ऑर्डर आली. एक अमेरिकन हरीण, मादी, पूर्ण वाढलेली. बस्स, एवढंच. अमेरिकेत काय हरणाची एकच जात असते? एक म्यूल डिअर, खेचरासारख्या लांब कानांचं, भरल्या छातीचं, जाडजूड. दुसरं व्हाइटटेल, अंगाने सडपातळ, पळताना पांढरी शेपटी वर करणारं. दोन्ही शेजारी उभी केली तर म्यूल डिअर बहुतेक वेळा थोराड दिसतं. पण माद्यांमध्ये हा फरक कमी होतो, आणि व्हाइटटेलचं आणखी एक आहे. जितका मुलूख गरम तितकं त्याचं अंग लहान. थंड प्रदेशातलं व्हाइटटेल गरम प्रदेशातल्या म्यूल डिअरला मागे टाकील. म्हणजे नुसतं नाव कळून भागत नाही, जनावर मोजावंच लागतं.

मी फार्मला मापं मागितली. त्यांनी फोटो पाठवला. फोटोत हरीण गवतात बसलेलं, शेपटी अंगाखाली आणि कान टवकारलेले. टवकारले की सगळ्यांचेच कान मोठे दिसतात. पुन्हा विचारलं, तर जवळ जाऊ देत नाही, असं उत्तर आलं. नियमाप्रमाणे मी तिथेच काम थांबवायला हवं होतं. पण माझं लक्ष होतं बॅगेतल्या कागदाकडे. मी म्यूल डिअर धरलं आणि वर चार बोटं जास्त सोडली.

ती चार बोटं का सोडली, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागणार नाही. आमच्या घरात मापाचा कपडा कधी कुणी घेतलाच नाही. माझी शाळेची चड्डी गुडघ्याखाली यायची. आमच्या मुलीचा युनिफॉर्म इथेही दर डिसेंबरात एक नंबर मोठाच यायचा. बायको खालून दुमडून टीप घालायची आणि वर्षभराने उसवायची. वाढत्या अंगाचं घ्यावं, म्हणजे चिंता नाही. मोठ्या पेटीत लहान हरीण मावेल, लहान पेटीत मोठं मावणार नाही, एवढं साधं गणित मी केलं. शिवाय मला त्या मादीची दया आली होती. म्हटलं, हिला तरी जरा ऐसपैस असू दे.

आमचा सुतार साठीचा आहे. सगळे त्याला अंकल म्हणतात. ड्रॉइंग बघून तो इथल्या सवयीने शेवटी 'लाह' जोडत म्हणाला, "इंजिनिअर, टू बिग लाह. वळेल ती."

"वळली तर वळली," मी म्हणालो. "तेवढीच मोकळी."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि करवत चालू केली.

पेटी फार्मवर गेली आणि आठवड्याने हरणीला घेऊन परत आली. विमानतळावर न्यायच्या आधी तपासणीसाठी लॉरी आमच्या आवारात थांबली. दुपारची वेळ होती. आतून लाकूड खरवडल्याचा आवाज येत होता. सोबत आलेल्या डॉक्टरबाईंनी झडपेतून आत पाहिलं आणि त्यांच्या तोंडाचा रंगच उडाला.

ती म्यूल डिअर नव्हती. व्हाइटटेल होती, तीही पिढ्यान् पिढ्या उष्ण मुलखात वाढलेली, शेळीपेक्षा थोडीच मोठी. वाटेत तिने मागे वळायचा प्रयत्न केला होता. पेटी पुरती मोठी असती तर वळली असती, नेमकी असती तर तसा विचारही तिच्या मनात आला नसता. माझ्या चार बोटांनी तिला अर्धं वळू दिलं होतं. मान फळीशी मुडपलेली, एक पाय पोटाखाली, आणि डोळा झडपेतून सरळ माझ्याकडे. हे मी केलं होतं. दुसऱ्या कुणी नाही.

अंकलने कुणाला काही विचारलं नाही. पेटीवर गोणपाट टाकून आत अंधार केला. बाजूच्या भिंतीचे बोल्ट सैल करून चौघांना ती भिंत धरायला सांगितली. त्यात एक मी होतो. वीतभर बाहेर घ्यायची, त्याहून जास्त नाही. आत धडपड झाली, माझ्या तळहातांना एक लाथ लाकडातून जाणवली, मग सगळं थांबलं. "सरळ झाली," डॉक्टरबाई म्हणाल्या. आम्ही भिंत परत लावली आणि अंकलने आतून आणखी एक फळी सरकवून पेटी अरुंद केली. दोन्ही बाजूंनी लाकूड अंगाला टेकलं तशी तिची थरथर कमी होत गेली. थोड्या वेळाने ती चक्क पाय दुमडून खाली बसली.

जिवंत राहिली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याहून जास्त मला तिचा राग आला. इतक्या लवकर कशी बसलीस, असं तिला विचारावंसं वाटलं.

"अरुंद बरी," अंकल हात पुसत म्हणाला. "उद्या दुपारी पोचेल. तेवढ्यापुरतंच तर आहे."

मॅनेजरने मला आत बोलावलं. मापाशिवाय पेटी केली हे त्याला कळलं होतं. आता हा मला काढणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, मनातून हायसं वाटलं. काढ बाबा एकदाचा. म्हणजे मला काही ठरवायला नको, घरी जाऊन सांगायचं, संपलं. पण तो भला माणूस निघाला. त्याने दार लावलं आणि म्हणाला, "रस्त्यात हादरा बसला असं लिहितो. डॉक्टर काही बोलणार नाही. अकरा वर्षं आहेस, एका चुकीसाठी तुला मी घालवणार नाही."

मी आभार मानले. मग त्याने विचारलं, "तो कागद दिला नाहीस अजून?"

ज्याने नुकतंच मला पाठीशी घातलं होतं, त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं, ते मला कळलं नाही. जूनचा शब्द दिलाय, एवढं एक वाक्यही मला बोलता आलं नाही. बॅगेतून कागद काढला आणि त्याच्याच पेनने सही केली. बाहेर लॉरी चालू झाल्याचा आवाज आला. त्याने एक प्रत मला दिली आणि चहा मागवला.

घरी पोचलो तेव्हा अजून ऊन होतं. हॉलमध्ये मुलगी आरशासमोर उभी होती, जानेवारीपासून घालायच्या नव्या युनिफॉर्ममध्ये. मला बघून तिने गिरकी घेतली. "बाबा, लुक! धिस टाइम इट फिट्स, लाह!"

खरंच अगदी मापाचा होता. खांद्याची शिवण खांद्यावर, घेर गुडघ्यावर, खाली टीप नाही की दुमड नाही. बायको गुडघ्यांवर बसून कॉलर सारखी करत होती. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा इतका मोकळा दिसत होता.

"म्हटलं, जूनपर्यंतच तर घालायचाय," ती म्हणाली. "कशाला घ्यायचा वाढत्या अंगाचा? कसा बसलाय, सांग ना."

बॅग अजून माझ्या खांद्यावरच होती.

"बरोबर बसलाय," मी म्हणालो.