फाल्गुनातलं धुकं

नव्वदीच्या त्या वर्षांत चंद्रपुरात आम्हा पाच जणांचं एक छायाचित्र मंडळ होतं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, बाकीचे चौघे सरकारी नोकरीत होते, आणि आपण कलावंत आहोत असा पाचही जणांना दाट संशय होता. फाल्गुन लागून पळस फुलला की रविवारी पहाटे स्कूटर काढायच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेचे डोंगर गाठायचे. डोंगर म्हणजे टेकड्याच. पण फोटोखाली ‘टेकडी’ लिहिलं की कोणी थांबून बघत नाही.

मंडळाचा नियम एकच: चौकटीत माणूस नको. बैल नको, विजेची तार नको, फांदीवर वाळत घातलेलं लुगडं तर मुळीच नको. निसर्ग कसा निर्मळ हवा. हा निर्मळपणा आणायला आम्ही मरमर खपायचो. एकानं शेळ्या हाकलायच्या, दुसऱ्यानं आड येणारी फांदी मोडायची. तिसऱ्याकडे इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायचा फवारा होता. त्यानं पळसाच्या फुलांवर दव पाडायचं. मग छत्तीस फोटोंच्या रोलमधला एक फोटो, जीव मुठीत धरून, काढायचा.

अशाच एका रविवारी मी एकटा टेकडीच्या पलीकडे उतरलो. समोर मोहाचं मोठं झाड, बुंध्यापासूनच दोन फाटे फुटलेलं. मागे पळस, आणि सगळ्याच्या मधून जमिनीलगत तरंगणारा पांढरा धूर. त्यात तिरपं ऊन. मी लगेच कॅमेरा काढला. अडचण एवढीच की झाडाखाली एक बाई टोपली घेऊन फुलं वेचत होती. ओळखीची होती, खालच्या गावात तिच्याच घरी आम्ही पाणी प्यायचो.

“बाई, जरा बाजूला होता का? फोटो घ्यायचा आहे.”

“मंग घ्या ना गुरुजी. मी काई चावत नाई.”

“तुमचा नाही हो, निसर्गाचा.”

तिनं कंबर सरळ केली. “झाड आमचं. खालची जागा म्या झाडली, पाला म्या जाळला. निसर्गानं काय केलं?”

तिचं खरं होतं. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि पाल्यात हरवतात, म्हणून पाला आधी झाडून जाळतात. गावात मोहाची झाडं घराघरांची ठरलेली. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. तिच्या घराचं हे एकच झाड होतं. पंधरा-वीस दिवसांच्या त्या वेचणीवर घरातलं वर्षाचं तेल-मीठ निघायचं. जंगलात आग लावायला बंदी होती, पण वनखात्याच्या नाक्यावरचा गार्ड गावचाच, तो तिकडे बघायचा नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी तिला उठवलं. टोपली उचलून ती कॅमेऱ्यामागे जाऊन बसली आणि मी निर्मळ निसर्ग टिपला.

नागपूरच्या स्पर्धेत फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. पुण्याकडून आलेले परीक्षक भारावून बोलले. वसंतातलं धुकं, म्हणाले. माणसाचा स्पर्श न झालेलं अरण्य, म्हणाले. फाल्गुनात आमच्याकडे सकाळी आठलाच घाम फुटतो, धुकं कुठलं पडतंय? सभागृहात आमचं अख्खं मंडळ बसलं होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. हे धुकं कसं साधलं, असं परीक्षकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “चार दिवस पहाटे वाट पाहिली.” टाळ्या पडल्या. ढाल घरी आणून मी ती टीव्हीवर ठेवली.

पुढच्या वर्षी एका सिमेंटच्या व्यापाऱ्यानं तो फोटो कॅलेंडरवर छापला, मार्चच्या पानावर. माघात मी त्याची एक प्रत गुंडाळून मोठ्या दिमाखात त्या बाईकडे गेलो. वाटलं, बाई हरखून जाईल.

“उघडू नका, पाह्यलं म्या,” ती म्हणाली. “नाक्यावर टांगून हाये.”

नाक्यावर नवे साहेब आले होते. त्यांनी कॅलेंडरची पानं चाळताना विचारलं, हा धूर कसला? दोन फाट्यांचा मोह गावातलं पोरही ओळखतं. गार्डला सांगावंच लागलं. हुकूम निघाला: आग लावणाऱ्या घरानं यंदापासून त्या झाडाखाली पाय ठेवायचा नाही.

“मले तं तुमी हटवलं होतं,” ती म्हणाली. “फोटोत मी नाईच. मंग सापडली मीच काऊन?”

मग तिनंच वाट काढली. “गुरुजी, सायबाले सांगा, थो धूर तुमी केलता म्हून. फोटोसाठी. तुमाले कोणी काई म्हणत नाई.”

खरंच कोणी काही म्हटलं नसतं. फार तर बक्षीस परत गेलं असतं. मी म्हणालो, “पाहतो.” नोकरदार माणसाचं ‘पाहतो’ काय असतं ते तिला ठाऊक होतं. तरी तिनं चहा ठेवला, आणि मी तो प्यायलोही.

नाक्यावर मी गेलो, नाही असं नाही. साहेब दिलदार निघाले. धूर सोडला तर फोटो झकास आहे, म्हणाले, आणि माझ्यापुढे कॅलेंडर धरून सही मागितली. मी सही केली, खाली तारीखही घातली.

फाल्गुनात मंडळाबरोबर पुन्हा त्या टेकडीपलीकडे उतरलो. इतर झाडांखाली बायका वेचत होत्या. दोन फाट्यांच्या मोहाखाली पाला तसाच साचलेला, आणि त्यात फुलं कुजत होती. गावातल्या कोणी एक फूल उचललं नव्हतं. झाड तिचं होतं. आंबूस गोड वास नाकात शिरत होता. मागे पळस तसाच, ऊनही तसंच तिरपं.

“घे ना फोटो,” फवारेवाला मित्र म्हणाला. “आज तर कोणाला हटवायचीही गरज नाही.”

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, हे आज लिहितो आहे. तेव्हा मित्रांना एवढंच सांगितलं, की यंदा धुकं पडलं नाही.