मागच्या चाकाच्या छत्तीस तारा

सायकलच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. पंक्चर निघेपर्यंत माणसाला दुसरं कामच नसतं, तो बोलतोच. आमच्या दुकानात तर त्याला बघायला मीही असते!

मी बीएस्सी फिजिक्स. कुकरची शिट्टी होणार हे माहीत असूनही दचकते. अशा मुलीला मामांनी बारामतीच्या आपल्या दुकानात घेतलं ते एका अटीवर. दिवाळीच्या आत मागचं एक चाक मी एकटीने बांधायचं. जमलं तर चाकांचं काम माझं. नाही जमलं तर इंदापूरला परत, आईने हेरून ठेवलेल्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. त्या क्लासला मी एक दिवस गेले होते. सरांनी हजेरीत माझं नाव घेतलं आणि माझ्या हातून पेन, वही आणि डबा पडला. त्याच क्रमाने.

* * *

स्पोकला दुकानात तार म्हणतात. पहिल्याच आठवड्यात निमगाव केतकीचे एक आबा तारा बसवायला आले. मला वाटलं, चला, डिग्री वापरू.

"आबा, तार वजन ढकलून धरत नाही. ढकललं तर ती वाकेल. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात. तुम्ही सीटवर बसलात की फक्त खालच्या दोन-चार तारांचा ताण कमी होतो. चाक त्या ताणावरच उभं राहतं!"

आबा सीटवर बसले होते ते हळूच उतरले. "म्हंजी मी बसलो की तारा ढिल्या व्हत्यात?"

"हो, पण थोड्याशाच..."

आबांनी सायकल पेरूच्या टेम्पोत घातली आणि स्वतः तिला धरून उभ्याने निमगावला गेले.

मामा म्हणाले, "वैशू, खरं बोलायला हरकत न्हाय. पण गिऱ्हाईक उतरल्यावर बोल."

* * *

एक मास्तर महागाची तार हातात धरून बघत होते. दोन्ही टोकांना जाड, मध्ये बारीक.

"मधलं लोखंड कुणी खाल्लं?"

मी हिंमत करून सांगितलं, की तार मोडते ती चाकाच्या आसाशी, हबजवळच्या वळणाशी. मधला बारीक भाग धक्क्याला लवतो, ताणतो, म्हणून टोकाला त्रास कमी. साधी तार सगळीकडे सारखी जाड, स्वस्तही. पण धक्का सगळा टोकावर.

मास्तरांनी तार बोटांत लववून बघितली. "म्हंजी एकानं मधी लवायचं, तवा बाकीचं घर टिकतं?"

"हो सर!"

"बसव. मला समजतंय तिचं दुःख."

* * *

एका कॉलेजच्या मुलाला चपट्या तारा हव्या होत्या. हवा कापतात, स्पीड वाढतो म्हणे. मामांनी सायकलभोवती एक चक्कर मारली. पुढे दप्तराएवढी टोपली, मागे कॅरिअर, कॅरिअरला छत्री.

"बसवतो की! पण टोपलीत भरलेली हवा कोण कापणार?"

* * *

माझं पहिलं चाक. रिम उजवीकडे गेली की डाव्या तारा आवळायच्या, डावीकडे गेली की उजव्या. एवढं सोपं! मी दुपारभर आवळत राहिले. सैल कुठली करायची हे सुचलंच नाही.

फट्! रिम तळलेल्या पापडासारखी वळली आणि मी टेबलाखाली.

थोड्या वेळाने बघते, तर तीन गिऱ्हाइकं बाकावर चढलेली. एकाने विचारलं, "ताई, साप कुठं गेला?"

मामांनी चाक उचलून दाखवलं. "साप न्हाय. फिजिक्स हाय."

* * *

दिवाळीला चार दिवस उरले तेव्हा माझं दुसरं चाक तयार झालं. साध्या जाड छत्तीस तारा. मामांनी ते स्वतःच्याच सायकलला मागे बसवलं. पुढचं चाक त्यांनी स्वतः बांधलेलं, अकरा वर्षं जराही वाकडं न झालेलं. मामा कॅरिअरवर बसले. वजन नव्वद किलो.

"चालव. कालव्याच्या पुलावरनं खाली. मोडलं तर उद्या इंदापूर."

नवीन चाकावर पहिल्यांदा वजन आलं की बांधताना तारांना बसलेला पीळ सुटतो आणि त्या वाजतात. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. हे मी गिऱ्हाइकांना स्वतः सांगते.

पुलाचा उतार लागला. टिंग! टिंग टिंग!

मी उडी मारली.

सायकल थांबली नाही. मामा सीटला मिठी मारून, "वैशेऽऽ!" करत, एकटेच खाली गेले. रसवंतीच्या दगडावर पुढचं चाक आदळलं आणि मामा शेजारच्या चिपाडांच्या ढिगात.

मी रडत धावले. "मामा, लागलं का? मी उद्याच जाते इंदापूरला!"

मामा उठले. केसातली चिपाडं तशीच ठेवून त्यांनी सायकल उलटी केली. मागचं चाक फिरवलं. वाकून बघितलं. परत फिरवलं. ते सरळ फिरत होतं. मग पुढचं फिरवलं. ते अर्ध्यातच अडकलं.

मामांनी पाना काढला, पुढचं चाक सोडवलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे घे. संध्याकाळपर्यंत बांध."